मँटिसचा खाऊ घरभर पळू नये म्हणून

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला मामा-मामी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी जेवायला आले होते. आईने केसर आंब्याचा रस काढून पातेल्यावर ताट झाकून ठेवला होता. पहिली वाटी वाढली आणि मामी म्हणाल्या, "वेलदोडा जरा जाडच कुटलास गं." आईने त्या दिवशी रसात वेलदोडा घातलाच नव्हता. ती माझ्या खोलीतली चिलटं होती. दुकानदाराच्या भाषेत "न उडणारी" चिलटं.

मी मँटिस पाळते. आमची आजी त्याला खंडोबाचा घोडा म्हणते, पुस्तकात प्रार्थना कीटक म्हणतात, आणि पाळणारी मंडळी नुसतं मँटिस म्हणतात, म्हणून इथेही तेच. मँटिस स्वतः फारसा पळत नाही. दिवसभर पेटीच्या छताला उलटा लटकून बसतो. पण त्याला जिवंत, हलणारं खाणं लागतं, आणि ते खाणं पळतं, उडतं, उड्या मारतं आणि रात्री देवघरामागे बसून ओरडतं. पहिल्या वर्षात मी या सगळ्याचा अनुभव घेतला. नव्याने मँटिस आणणाऱ्यांच्या घरात तरी शांतता राहावी म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला मला आठ महिने लागले. खाऊ पेटीच्या फटीतून क्वचितच निसटतो. तो निसटतो ते झाकण उघडं असलेल्या अर्ध्या मिनिटात. मी जाळ्या बदलल्या, फटी बुजवल्या, चिकटपट्टीची तीन रिळं संपवली, आणि तरीही चिलटं बाहेरच. कारण रोज संध्याकाळी मी स्वतःच दार उघडून त्यांना वाट करून देत होते.

काय काय लागेल

बहुतेक सगळं घरातच सापडतं. उरलेलं मंगळ बाजार आणि एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात मिळून जातं.

- पारदर्शक प्लास्टिकची उभी बरणी किंवा पेटी. उंची मँटिसच्या लांबीच्या निदान तिप्पट
- मैद्याची जुनी स्टीलची चाळणी किंवा बारीक जाळीची स्टीलची चहाची गाळणी
- मलमलीचं किंवा जुन्या सुती धोतराचं फडकं, रबरबँड
- गादीच्या फोमचा तुकडा
- होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या, स्वच्छ धुऊन, वास जाईपर्यंत वाळवलेल्या
- कागदाचं किंवा प्लास्टिकचं छोटं नरसाळं
- ग्लू गन, लांब खिळा, पक्कड, गोल कानस
- टेबलावरचा दिवा
- लांब चिमटा
- व्हिनेगर, भांडी घासायचं लिक्विड
- एक वही

वही कशाला, ते पाचव्या पायरीत येईल.

१. पेटी घेण्याआधी खाऊ ठरवा

मी उलटं केलं. आधी छान दिसणारी पेटी घेतली आणि मग तिच्यात काय राहील याचा विचार केला. खरं तर पेटीला कोणतं भोक चालेल हे मँटिस ठरवत नाही, त्याचा खाऊ ठरवतो. आणि प्रत्येक खाऊची पळायची तऱ्हा वेगळी.

चिलटं. मँटिसच्या अगदी लहान पिल्लांना हीच लागतात. पाळीव चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगास्टर, साधारण अडीच मिलिमीटर लांब असतं, पण अंगाने इतकं बारीक की खिडकीला लावतो त्या डासांच्या जाळीतून आरामात जातं. मी लावून पाहिली आहे. त्याच्यापेक्षा थोडी मोठी ड्रॉसोफिला हायडी ही जात मिळाली तर ती घ्या. ती हलवायला सोपी, मात्र तिची पिढी तयार व्हायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

रातकिडे. मत्स्यालयाच्या दुकानांत अरोवाना माशासाठी ठेवतात तेच. स्वच्छ काचेवर किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांना चढता येत नाही. म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ते उडी मारतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कुरतडतात. नायलॉनची जाळी, मलमल, फोम, काहीही. माझ्या पहिल्या कापडी झाकणाला दोन रात्रींत चवलीएवढं भोक पडलं होतं. रातकिडे देणार असाल तर जाळी स्टीलचीच. त्यात तडजोड नको.

अळ्या, म्हणजे मीलवर्म आणि सुपरवर्म. पळण्याच्या बाबतीत सगळ्यांत गरीब. गुळगुळीत वाटीत ठेवल्या तर वाटीच्या बाहेर येत नाहीत. पेटीच्या तळाशी छोटी स्टीलची वाटी ठेवायची, त्यात अळी, विषय संपला. वाटी नाही ठेवली तर ती मातीत घुसते, मँटिसला दिसत नाही, आणि महिन्याभराने मातीतून काळा भुंगा बाहेर येतो.

डुबिया झुरळं. दक्षिण अमेरिकेतली जात, परदेशात फार लोकप्रिय, आता आपल्याकडेही पाळणारे भेटतात. गुळगुळीत भिंत चढत नाहीत, ओरडत नाहीत, वास कमी. सगळं खरं. पण ती उष्ण हवेतली प्रजा आहे आणि बडोद्याचा उन्हाळा म्हणजे त्यांचं माहेर. मी ठेवत नाही. आईने "झुरळं विकत आणणार?" असं ज्या स्वरात विचारलं, त्यानंतर तो विषय मी काढलेला नाही.

उकिरड्यावरची माशी किंवा बागेतला नाकतोडा पकडून घालू नका. कशावर फवारा मारलेला असेल सांगता येत नाही. आणि मँटिससुद्धा कमाटीबागेतून उचलून आणू नका. माझी मँटिस, ठकी, गच्चीवरच्या कढीपत्त्याला चिकटलेल्या अंड्यांच्या कोशातून निघाली. एका कोशातून पिल्लं निघतात ती डझनांनी, कधी शंभरावर. ती पिल्लंही चिलटाच्या भोकातून निसटतात, त्यामुळे खाली लिहिलेलं त्यांनाही लागू.

२. हवा जाईल, चिलट जाणार नाही

पेटीला हवा लागतेच, नाहीतर आत ओल साठून बुरशी येते. एक खिडकी बाजूला खालच्या अंगाला आणि एक वर. खिडकीसाठी माझ्या पाहण्यात सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे मैद्याची चाळणी. जाळी स्टीलची, घट्ट, आणि इतकी बारीक की चिलटाचं डोकंही शिरत नाही. जुनी चाळणी कडेने कापली की चार खिडक्यांपुरती जाळी निघते. कापलेल्या कडा बोटाला लागतात, म्हणून हातमोजे घाला, आणि टोचरी कड ग्लूखाली दडवा. मँटिसचे पाय त्या तारांत अडकून तुटू शकतात.

जाळी आतून चिकटवा. बाहेरून चिकटवली की भोकाच्या जाडीएवढा एक कट्टा तयार होतो आणि चिलटं नेमकी तिथे जाऊन बसतात. ग्लू गनचा डिंक सलग फिरवा, ठिपके ठिपके देऊ नका. दोन ठिपक्यांच्या मधून चिलट जातं.

छताचं थोडं वेगळं आहे. मँटिस कात टाकताना छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातड्यातून खाली सरकून बाहेर येतो. त्या वेळी पकड सुटली तर पडून वाकडा होतो, बऱ्याचदा मरतो. म्हणून छत गुळगुळीत ठेवून चालत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला सुती फडकं किंवा खरबरीत जाळी चिकटवावीच लागते. म्हणजे ज्या पृष्ठभागावर मँटिस चढतो त्यावरच त्याचा खाऊही चढतो. काही जण पेटीच्या आतल्या काठाला व्हॅसलीनचा पट्टा मारतात. रातकिड्यांच्या साठवणीच्या डब्याला तो ठीक आहे, दोन बोटं रुंद. मँटिसच्या पेटीत नको. मे महिन्यात आमच्या खोलीत ते वितळून ओघळ आले होते आणि पायाला तेलकट थर लागलेला मँटिस काचेवरून घसरत राहतो.

पेटी तयार झाली की मँटिस आत सोडण्याआधी एक रात्र परीक्षा घ्या. आत केळ्याचा तुकडा आणि दहा-बारा चिलटं. पेटी पांढऱ्या कागदावर ठेवा, बाहेर थोड्या अंतरावर दिवा लावा. चिलटं उजेडाकडे ओढली जातात, त्यामुळे फट असेल तर ती सकाळपर्यंत तुम्हाला दाखवून देतात. माझ्या पेटीत बिजागरीच्या खिळ्याशेजारी एक फट होती. मी दहा वेळा बोट फिरवूनही ती मला सापडली नव्हती.

३. झाकण न उघडता खाऊ घालायचं भोक

या एका भोकाने माझं घर वाचवलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

झाकणाची अडचण अशी आहे की मँटिस झाकणालाच लटकलेला असतो. तुम्ही झाकण उचलता, तो झाकणाबरोबर वर येतो, घाबरून हातावर चढतो. तुम्ही त्याला सांभाळता, आणि तेवढ्यात कालची उरलेली चार चिलटं निघून जातात. कात टाकत असेल तर झाकण हलवणं त्याच्या जिवावरच बेततं. तेव्हा झाकण हे फक्त पेटी साफ करण्यासाठी. खाऊ बाजूने.

पेटीच्या बाजूला, उंचीच्या मधोमध, होमिओपॅथीच्या बाटलीचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं. आजीकडे या बाटल्यांचा खजिना आहे. तोंड लहान, कड जाडसर, आणि एका बाटलीत मावतात तेवढी चिलटं म्हणजे नेमकं एका वेळचं खाणं. भोक पाडताना मँटिस दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खिडकी उघडा, कारण वितळणाऱ्या प्लास्टिकचा धूर वाईट असतो. खिळा पकडीत धरून गॅसवर तापवा, आधी लहान भोक पाडा आणि मग गोल कानशीने हळूहळू वाढवत न्या. दर चार-पाच घासांनंतर बाटली लावून बघा. मोठं भोक लहान करता येत नाही. माझी पहिली बरणी अशीच वाया गेली, आता तिच्यात कोकम आहे.

भोक रिकामं असताना त्यात फोमचं बूच. फोम भोकाच्या दीडपट जाड कापा आणि दाबून बसवा, म्हणजे फुगून घट्ट राहतो. रातकिडे वापरत असाल तर फोम नको, तो कुरतडतात. रिकामी बाटलीच उलटी खोचून ठेवा. काचेचं बूच कोण कुरतडणार?

काचेच्या पेटीला भोक पाडायच्या फंदात घरी पडू नका. तिचं झाकण तेवढं प्लास्टिकचं करून घ्या आणि भोक झाकणाच्या कडेला घ्या.

४. चिलटं हलवायची रीत

हे रात्री करा. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, स्वयंपाकघराचं दार बंद. टेबलावरचा दिवा पेटीच्या पलीकडे, म्हणजे भोक तुमच्याकडे आणि उजेड समोरच्या बाजूला. खाली पांढरी चादर किंवा वर्तमानपत्र पसरा, नाहीतर निसटलेलं चिलट दिसत नाही.

चिलटांना दोन सवयी असतात: उजेडाकडे जाणं आणि वर चढणं. सगळी युक्ती या दोन सवयींवर आहे.

चिलटं ज्यात वाढतात तो, तोंडाला फडकं बांधलेला डबा घडी केलेल्या टॉवेलवर तीन-चार वेळा आपटा. जोरात नको, पोळीच्या डब्यातले तुकडे खाली पाडतो तसं. सगळी चिलटं तळाला पडतात आणि पुन्हा वर चढायला त्यांना तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात फडकं काढायचं, नरसाळं लावलेली बाटली तोंडावर धरायची, डबा तिरपा करून एक टिचकी. दहा-पंधरा पडली की बाटलीवर अंगठा, डब्यावर फडकं. पहिल्या दिवशी हात थरथरतो, म्हणून आधी डब्यात मोहरी घालून तीन वेळा सराव करा. हसू नका, मी केला आहे.

मग बाटलीला बूच लावून ती फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, तीन-चार मिनिटं. गारव्याने चिलटं सुन्न होतात आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांत पुन्हा चालू लागतात. बाटली आतून कोरडी हवी, पाण्याच्या थेंबाला चिकटलेलं चिलट सुटत नाही. फ्रिजमधल्या बाटलीवर ठळक अक्षरांत "औषध नाही" असं लिहा. आजीने एकदा बाटली उचलून बूच उघडलं होतं, डोळ्यांवर चश्मा नसताना. सुदैवाने तिने गोळ्या तळहातावर ओतायची सवय ठेवली आहे, थेट तोंडात टाकायची नाही.

आता फोमचं बूच काढा आणि त्याच क्षणी बाटलीचं तोंड भोकात खोचा. दोन्ही हात कामात असतात, तेव्हा घाई नको. बाटलीच्या बुडावर टिचक्या मारा. चिलटं शुद्धीवर येतील तशी पलीकडच्या उजेडाकडे चालू लागतील, म्हणजे पेटीत, तुमच्यापासून दूर. सगळी गेली असं वाटलं तरी बाटली काढू नका. रात्रभर तशीच राहू द्या. मागे राहिलेली दोन-तीन चिलटं आपसूक आत जातात, आणि सकाळी बाटली काढताना फोम तयार ठेवा.

५. आत किती टाकलं ते लिहा

ठकी लहान असताना मला वाटायचं की भरपूर घातलं की ती हवं तेवढं खाईल. मँटिस पोट भरलं की थांबतो. उरलेली चिलटं पेटीत फिरत राहतात, त्याच्या तोंडावर, पायांवर चढतात, आणि वाट शोधत बसतात. म्हणजे पळून जाणारा बहुतेक माल हा जास्तीचा माल असतो.

म्हणून वही. तारीख, आत किती, सकाळी उरली किती. "१२ जुलै, ६ चिलटं, उरलं १." आठवडाभर लिहिलं की आकडा कळतो आणि मग आपण मोजकंच टाकतो. मँटिसचं पोट बघायलाही शिका. सपाट आणि सुरकुतलेलं असेल तर भूक आहे, फुगून टम्म असेल तर आज उपास. मोठ्या झालेल्या मँटिसला दोन-तीन दिवसांतून एकदा एखादा रातकिडा पुरतो, तोही त्याच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठा नको.

आणि हिशेबात एक रातकिडा कमी पडत असेल तर तो खाल्ला गेला असं धरून चालू नका. पंख किंवा मागचा पाय तळाशी पडलेला दिसतो का बघा, मँटिस ते टाकून देतो. काहीच सापडलं नाही तर पेटीतली पानं हलवून पाहा, आणि मग तुमची खोली.

कात टाकायच्या एक-दोन दिवस आधी मँटिस खाणं सोडतो, पंखांच्या जागा फुगतात, तो छताला स्थिर लटकतो. त्या काळात पेटीत काहीही जिवंत नको. कात टाकताना तो मऊ आणि असहाय असतो, आणि भुकेला रातकिडा त्याला खातो. उरलेले लांब चिमट्याने काढा, चिलटं असतील तर भोकाला बाटली लावून दिवा तुमच्या बाजूला आणा. उजेड फिरवला की तीच चिलटं बाटलीत परत येतात. ही युक्ती मला माझी मीच सापडली आणि तिचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

६. रातकिडे: बादलीत

रातकिड्यांचं काम न्हाणीघरात करा, मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत. मोरीवर फडकं टाका. साठवणीचा डबा बादलीत ठेवून उघडायचा, म्हणजे उडी मारली तरी तो बादलीतच पडतो आणि गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही. रातकिड्यांना लपायला डब्यात ठेवलेला अंड्यांच्या पुठ्ठ्याचा तुकडा उचलून झटकण्याऐवजी त्यांच्या समोर कागदाची गुंडाळी ठेवा. रातकिड्याला अंधारी नळी आवडते. तो आत शिरला की दोन्ही टोकं बोटांनी दाबून ती पेटीच्या भोकाशी न्यायची.

बाटलीच्या भोकातून मोठा रातकिडा जात नाही. मोठ्या मँटिससाठी चिमट्याने झाकणाची फट किलकिली करून थेट समोर धरणं सोपं. ठकी आता चिमट्यातूनच घेते. त्यात निसटण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि तिने झडप घातली की चिमट्याला बसणारा झटका हाताला कळतो.

काच स्वच्छ ठेवा. पाणी फवारून फवारून काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात, आणि त्या खरबरीत डागांवर नखं रोवून रातकिडे चढतात. व्हिनेगरच्या फडक्याने पुसून नंतर साध्या पाण्याने पुसा.

७. रसातल्या चिलटांचं रहस्य: मूळ डबा

चिलटं घरी वाढवणारे असाल तर पेटीपेक्षा त्यांचा डबा जास्त सांभाळावा लागतो. तिथे सहा नसतात, सहाशे असतात.

"न उडणारी" चिलटं दोन प्रकारची मिळतात. एकांना पंख असून उडता येत नाही, दुसऱ्यांचे पंखच खुरटे असतात. माझ्याकडे खुरट्या पंखांची होती. आता गंमत ऐका. हा खुरटेपणा तापमानावर अवलंबून असतो. अळ्या वाढत असताना डबा साधारण २९-३० अंशांत राहिला तर पुढच्या पिढीचे पंख बरेच लांब निघतात. चैत्रात माझा डबा पोटमाळ्यावर होता. मी त्यांना तीन आठवडे पत्र्याखाली उबवलं आणि मग अक्षय तृतीयेला आश्चर्यचकित झाले. आता डबा खोलीतल्या खालच्या फळीवर असतो, मार्चपासून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या कुंडीत. त्याहून जास्त गरम झालं तर उलटा प्रकार होतो: नर वांझ होतात आणि डबा रिकामा पडतो. बडोद्यात मे महिन्यात चिलटांचा भरवसा धरू नका, तेव्हा अळ्यांवर या.

दुसरा सापळा आणखी साधा. स्वयंपाकघरातली रानटी चिलटं केळ्याच्या वासाने डब्याकडे येतात. एक जरी नर आत शिरला तर संपलं. खुरटे पंख हा दबून राहणारा गुण आहे, त्यामुळे त्या संकरातलं प्रत्येक पिल्लू उडणारं निघतं. म्हणून डब्याचं फडकं दुहेरी मलमलीचं आणि रबरबँडही दोन. एक उन्हाळ्यात तुटतोच. डब्यात एक जरी उडणारं चिलट दिसलं तर त्या डब्याचा मोह सोडा. बंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये, मग कचऱ्यात. नवा डबा जुना चांगला असतानाच लावत जा, आणि प्रत्येकावर तारीख लिहा. साधारण महिन्याने डबा म्हातारा होतो.

बडोद्याच्या जुन्या वाड्यांत मुंग्या ही कायमची भाडेकरू. त्यांना आवरायला झुरळं मारायचा खडू ओढू नका, त्याने चिलटं आणि मँटिस दोन्ही जातील. डबा एका वाटीवर ठेवा आणि ती वाटी पाण्याच्या थाळीत. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे मुंगी तरंगत पलीकडे जात नाही.

८. निसटलीच तर

सगळ्यांत आधी काय करायचं नाही ते. फवारा नाही, डासांची अगरबत्ती नाही, भिंतीच्या बटणात लावायचं लिक्विड नाही. या सगळ्यांतलं औषध कीटकांसाठीच बनवलेलं असतं आणि मँटिस हाही कीटकच. एका खोलीत लिक्विड लावून शेजारच्या खोलीत मँटिस ठेवला तरी मी निर्धास्त झोपत नाही. महापालिकेची धुराची गाडी पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, आली की खिडक्या लावून पेटीवर ओलं फडकं टाकायचं. डास असतील तर मच्छरदाणी. शेजारच्या ज्योत्स्नाबेन डांबरगोळ्या ठेवायला सांगतात, त्यांना हसून "हो" म्हणायचं आणि ठेवायच्या नाहीत.

चिलटांसाठी: वाटीत व्हिनेगर, त्यात लिक्विडचा थेंब. लिक्विडने पाण्याचा ताण मोडतो आणि चिलट वर बसायला गेलं की बुडतं. परदेशातले लोक यासाठी उरलेली वाइन वापरतात. आपल्या गुजरातेत व्हिनेगरच बरं, उगाच वाटी बघून पाहुण्यांचे प्रश्न नकोत. व्हिनेगर नसेल तर आंबलेलं गुळाचं पाणी. वाटी स्वयंपाकघरात नाही, जिथे निसटली त्याच खोलीत ठेवा, आणि फळांची टोपली दोन दिवस झाकून ठेवा.

रातकिड्यांसाठी: काचेची बरणी भिंतीला लागून, आत बटाट्याची चकती, बाहेरून तोंडापर्यंत पुठ्ठ्याचा उतार. आत पडतो, काच चढता येत नाही. नर असेल तर तो स्वतःच पत्ता सांगतो, पण जवळ गेलं की गप्प होतो. दिवे बंद करून दोघांनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभं राहायचं, दोघांनी आवाजाच्या दिशेने हात करायचा. हात जिथे मिळतात तिथे रातकिडा. आमचा देवघराच्या मागे होता, चार रात्री. पाचव्या रात्री आजीने अंधारात नेमका हात दाखवला, आणि आईने देव उतरवायला नकार दिला, कारण सोवळ्यात नव्हती. शेवटी बरणी देवघराच्या पायाशी ठेवली, सकाळी तो आत होता, बटाटा अर्धा खाल्लेला.

सापळा लावल्यावर वहीत निसटलेल्यांचा आकडा लिहा आणि सापडतील तसे खोडत जा. आणि मुंग्यांच्या थाळीतलं पाणी रोज संध्याकाळी बघा, उन्हाळ्यात ते दीड दिवसात आटतं.